हम्बोल्टांच्या दृश्यसंग्रहाची मराठी वर्णनसूची : प्रकल्प नोंदी

१० जून २०२४

सूचीचे काम आजपासून रीतसर सुरू झाले. ग्रंथ जर्मन निसर्गशास्त्रज्ञ आणि प्रवासी अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट यांचा असून त्याच्या फ्रेंच शीर्षकाचा अर्थ ‘कॉर्डिलेरा पर्वतरांगांची दृश्ये आणि अमेरिकेतील मूळ रहिवाशांची स्मारके’ असा होतो. पॅरिसच्या शोएल या प्रकाशकाने तो १८१० ते १८१३ या काळात सात हप्त्यांत काढला. शीर्षकपानावर मात्र १८१० हेच साल छापलेले आहे. फोलिओ म्हणजे मोठ्या पानांच्या आकाराच्या या ग्रंथात एकूण ६९ प्लेट्स, म्हणजे तांब्यावर कोरून छापलेली चित्रपाने, आहेत आणि त्यांच्या बरोबरीने चालणारा, प्रत्येक प्लेटचा अर्थ उलगडणारा मोठा मजकूर आहे. ५ जून १७९९ रोजी स्पेनमधील ला कोरुन्या बंदरातून निघून वनस्पतिशास्त्रज्ञ एमे बोंप्लां यांच्यासह १८०४ पर्यंत हम्बोल्टांनी दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, क्युबा आणि मेक्सिको यांचा जो प्रवास केला, त्याच्या प्रचंड बहुखंडी वृत्तांताचा हा चित्रमय भाग आहे.

मराठीत हम्बोल्टांचे नाव बहुतेकांना भेटते ते भूगोलाच्या पुस्तकात, पेरूच्या किनाऱ्यालगत वाहणाऱ्या थंड सागरी प्रवाहाच्या निमित्ताने. त्यापलीकडे त्यांच्या चित्रग्रंथाची ओळख करून देणारी, प्लेटगणिक नोंदी असलेली एखादी सूची मराठीत असावी, एवढ्याच हेतूने हे काम हाती घेतले आहे. मूळ प्रती फार थोड्या ग्रंथालयांत आहेत. अशा ग्रंथांतील चित्रे सुटी करून, चौकटीत बसवून विकण्याची चाल जुनी असल्यामुळे सर्व प्लेट्स शाबूत असलेली प्रत तर आणखी दुर्मीळ. आमचे सर्व काम ग्रंथालयांनी खुल्या केलेल्या स्कॅनवरून होणार आहे.

१४ जून

प्लेट्सचा क्रम पाहणाऱ्याला प्रथम गोंधळात टाकतो. पहिल्या दोन प्लेट्सवर अझ्टेक पुजारिणीचा म्हणून दिलेला दगडी अर्धपुतळा पुढून आणि मागून दाखवला आहे, तिसरीवर मेक्सिको शहराचा मोठा चौक आहे, चौथीवर कोलंबियातील नैसर्गिक पूल, आणि लगेच सातवीवर मेक्सिकोतील चोलुलाचा पिरॅमिड. प्रवासाचा क्रम नाही, देशांचा नाही, विषयांचाही नाही. ज्या प्लेट्स जसजशा कोरून तयार झाल्या तसतशा हप्त्यांत गेल्या, हे त्याचे व्यावहारिक कारण आहे. पण ज्वालामुखी आणि शिल्प शेजारी शेजारी ठेवण्यामागे माणसाची निर्मिती आणि तिच्याभोवतीचा निसर्ग एकत्र पाहण्याचा हम्बोल्टांचा आग्रहही आहे. म्हणूनच स्थळांनुसार नवी मांडणी करण्याचा मोह टाळून सूचीत मूळ क्रमांकच ठेवायचे आणि आजचा देश स्वतंत्र रकान्यात द्यायचा, असे ठरवले.

आणखी एक रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्लेटच्या खालच्या कडेला, चित्राच्या चौकटीबाहेर, बारीक अक्षरांत नावे असतात : डावीकडे चित्र काढणाऱ्याचे, उजवीकडे तांब्यावर कोरणाऱ्याचे. हम्बोल्टांनी जागेवर केलेले रेखाटन बहुतेक वेळा साधे, रेषांचे असे. ते युरोपात आल्यावर एखादा चित्रकार त्यावरून पूर्ण चित्र काढी, मग दुसराच कोणी ते तांब्याच्या पत्र्यावर उतरवी. म्हणजे एकेका दृश्यामागे किमान तीन हात आहेत आणि त्यांतील दोघांनी तो डोंगर कधीही पाहिलेला नाही. ‘हम्बोल्टांचे चित्र’ असे सरसकट लिहून चालणार नाही.

२२ जून

प्लेट ५, किंदियोची वाट. या एका नोंदीवर पूर्ण आठवडा गेला, आणि तो जायलाच हवा होता.

कोलंबियातील इबागे गावातून कार्तागो गावाकडे जाणारी ही घाटवाट अँडीजच्या मधल्या रांगेवरून जाते. हम्बोल्ट आणि बोंप्लां यांनी ती ऑक्टोबर १८०१ मध्ये पार केली. हवामान उत्तम असेल तर दहा-बारा दिवस लागत. वाटेत झोपडी नाही, खायला काही मिळत नाही, ओढे फुगले तर पुढेही जाता येत नाही आणि मागेही फिरता येत नाही, म्हणून प्रवासी महिन्याभराची शिधासामग्री बरोबर घेत. इबाग्यात निघण्यापूर्वी केळीच्या जवळच्या कुळातील एका वनस्पतीची सुमारे अर्धा मीटर लांबीची पाने शेकड्यांनी गोळा करीत. पानांच्या खालच्या बाजूवर पांढुरकी पूड असते, तिच्यामुळे पाणी ठरत नाही. रोज मुक्कामाला फांद्यांचा सांगाडा उभा करून त्यावर ही पाने लावली की छप्पर तयार, आणि सकाळी तीच पाने गुंडाळून पुढे न्यायची. मजकुरातील हा तपशील हम्बोल्टांनी इतक्या आस्थेने दिला आहे की तो सूचीत संक्षेपाने घेणे मला प्रशस्त वाटले नाही, पूर्ण घेतला.

चित्राच्या पुढच्या भागात पाठीवर माणूस वाहणारे हमाल आहेत. पाठीला बांधलेल्या खुर्चीत प्रवासी मागे तोंड करून बसलेला आहे आणि हमाल पुढे वाकून चढतो आहे. हे हमाल ७० किलोंहून अधिक ओझे घेऊन दिवसाचे आठ-नऊ तास चालत. ओझी वाहणाऱ्या जनावरांसारखे त्यांच्या पाठीवर वळ आणि जखमा असत. एखाद्या घोड्याची किंवा खेचराची चाल वाखाणावी तशा शब्दांत लोक या माणसांविषयी बोलतात, हे हम्बोल्टांना झोंबले आणि त्यांनी तसे लिहून ठेवले. ते स्वतः पाठीवर बसले नाहीत. बैलांवर उपकरणे आणि नमुने लादून दोघे पायी चालले. काटेरी बांबूच्या मुळ्यांनी बुटांच्या चिंध्या झाल्या आणि कार्तागोला ते अनवाणी, रक्ताळलेल्या पायांनी पोहोचले.

आता चित्रकाराकडे वळतो. हे दृश्य रोममध्ये योसेफ आंटोन कोख यांनी हम्बोल्टांच्या रेखाटनावरून काढले. हम्बोल्ट १८०५ मध्ये रोमला होते. त्यांचे थोरले बंधू विल्हेल्म तेथे प्रशियाचे प्रतिनिधी होते आणि जर्मन चित्रकारांचा मोठा गोतावळा त्यांच्या घरी जमत असे. कोख मूळचे टिरोलमधले, आल्प्सच्या दऱ्यांत वाढलेले. दूरवर इबागे गाव, त्याच्या वर तोलिमा पर्वताचा छाटलेल्या शंकूसारखा हिमाच्छादित माथा, ही मांडणी मजकुराशी जुळते. पण मधल्या उतारांची घडण, खडकांचे कंगोरे आणि झाडांची ठेवण पाहताना कोखांच्या हाताला सवयीचे असलेले आल्प्स तेथे डोकावतात, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून नोंदीत माथ्याची आकृती ‘रेखाटनाधारित’ आणि उतारांची झाडी ‘चित्रकाराची योजना’ अशा दोन शेऱ्यांत विभागली. हा विभाग पुढील सर्व प्लेट्सना लावायचा आहे.

२९ जून

प्लेट २५, तापियाच्या पठारावरून दिसणारा, आजच्या इक्वेडोरमधील चिंबोराझो पर्वत. संग्रहातील सर्वांत प्रसिद्ध दृश्य हेच, आणि ज्या प्रतींत ते हाताने रंगवलेले आहे त्यांत त्याचा परिणाम अपूर्व आहे. चित्र तिबो यांनी हम्बोल्टांच्या रेखाटनावरून काढले, कोरले बुके यांनी.

हम्बोल्ट, बोंप्लां आणि कितोचे तरुण कार्लोस मोंतुफार हे तिघे २३ जून १८०२ रोजी स्थानिक सोबत्यासह चिंबोराझोवर चढले. उपकरणे हातात, धुके दाट, धार काही ठिकाणी वीतभर रुंदीची. हिरड्यांतून रक्त येऊ लागले, मळमळ सुरू झाली, आणि शेवटी पुढे मोठी घळ आडवी आल्यामुळे माथ्याच्या बऱ्याच खालून परतावे लागले. तरीही तोवर माणूस मोजमाप करीत इतक्या उंचीवर गेल्याची नोंद नव्हती. त्या काळी चिंबोराझो हाच जगातील सर्वांत उंच पर्वत समजला जात असे. आज त्याची उंची ६,२६३ मीटर मानली जाते. हम्बोल्टांचे त्रिकोणमितीने काढलेले माप ६,५०० मीटरच्या आसपास होते. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर असल्यामुळे तिच्या केंद्रापासून सर्वांत दूर असलेला बिंदू मात्र आजही याच माथ्यावर आहे.

आपल्या कामाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट मजकुरात आहे. हे दृश्य २४ जूनचे, म्हणजे चढाईच्या दुसऱ्या दिवसाचे आहे, आणि मोठी हिमवृष्टी नुकतीच होऊन गेल्यावरचे आहे. त्यामुळे चित्रातील बर्फाची खालची सीमा ही कायमच्या हिमरेषेची सीमा मानता येत नाही. आज हिमनद्या किती मागे सरकल्या हे दाखवण्यासाठी कोणी ही प्लेट आजच्या छायाचित्राशेजारी ठेवली, तर नव्याने पडलेला बर्फ आणि मुरलेला जुना बर्फ यांची गल्लत होईल. सूचीत हा इशारा ठळक अक्षरांत दिला आहे.

आकाशाचा रंगही सहज दिलेला नाही. निळ्या छटांच्या पट्ट्या वर्तुळात लावलेले, स्विस शास्त्रज्ञ सोस्यूर यांनी बनवलेले नीलमापक उपकरण हम्बोल्टांजवळ होते आणि चिंबोराझोवर त्यांनी ४६ अंश निळाई नोंदवली होती. विरळ हवेतील तो गडद निळा आणि त्यावर घुमटासारखा पांढरा माथा ही रंगयोजना निरीक्षणाला धरून आहे. मात्र छपाईनंतर पानोपानी हाताने रंग भरले जात, त्यामुळे वेगवेगळ्या प्रतींच्या स्कॅनमध्ये आकाश एकसारखे नाही. एकीत ते जवळजवळ नीळ ओतल्यासारखे आहे, दुसरीत फिके पडले आहे. रंगाविषयी लिहिताना कोणती प्रत पाहिली हे सांगणे म्हणूनच आवश्यक ठरते. पुढच्या भागातील लामा, काटेरी वनस्पती आणि माणसे हे ‘चित्रकाराची योजना’ या शेऱ्याखाली गेले.

६ जुलै

प्लेट १० आणि प्लेट १६ एकत्र केल्या, कारण दोन्हींचा विषय पर्वताचा आकार हा आहे. प्लेट १० वरील इक्वेडोरच्या कोतोपाक्सी ज्वालामुखीचा शंकू इतका रेखीव आहे की चित्रकाराने तो सुधारला असावा अशी शंका येते, पण प्रत्यक्षातही तो तसाच आहे. त्याची उंची वाचकाला कळावी म्हणून हम्बोल्ट सांगतात की अटलांटिकमधील तेनेरिफ बेटाच्या शिखरावर इटलीतील व्हेसुव्हियस ज्वालामुखी ठेवला तरी कोतोपाक्सी त्याहून ८०० मीटर उंच भरेल. एप्रिल १७६८ च्या उद्रेकात राखेने आसपासच्या गावांत असा अंधार झाला की दुपारपर्यंत लोक कंदील घेऊन फिरत होते.

प्लेट १६ वर चिंबोराझो आणि कार्गुआइराझो शेजारी आहेत. एकाचा माथा घुमटासारखा, दुसऱ्याचा १६९८ मध्ये ढासळून दातेरी झालेला. घुमट, शंकू आणि मोडलेली कडा असे उंच पर्वतांचे तीन प्रकार हम्बोल्ट येथे मांडतात. रूपावरून इतिहास वाचण्याची ही पद्धत पुढील काळातील भूरूपशास्त्राच्या फार जवळची आहे. नोंद पूर्ण.

१५ जुलै

प्लेट २२, रेग्लाचे बेसाल्ट खडक आणि धबधबा. मेक्सिकोतील आजच्या इदाल्गो राज्यात, वास्काजवळ ही घळ आहे. हम्बोल्ट तेथे १८०३ मध्ये गेले. घळीच्या दोन्ही बाजूंना बेसाल्टचे बहुकोनी स्तंभ ओळीने उभे आहेत आणि मधून पाणी कोसळते आहे. आज हा भाग युनेस्कोच्या जागतिक भू-उद्यानात मोडतो.

ही प्लेट मराठी वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही. लाव्हाचा जाड थर थंड होताना आकसतो, त्याला भेगा पडतात आणि त्या भेगा वरखाली पसरत जाऊन पाच-सहा बाजूंचे खांब सुटे होतात. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर नेमके हेच दिसते. तेथील स्तंभ सुमारे साठ मीटर उंचीचे आणि जवळजवळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. हम्बोल्ट या प्लेटच्या मजकुराची सुरुवातच अशी करतात की अक्षांश आणि हवामान बदलले की झाडे आणि प्राणी बदलतात, पण खडक दोन्ही गोलार्धांत ओळखीचेच भेटतात. गटातील भूविज्ञानाच्या सहकारी बाईंनी स्तंभांच्या बाजू मोठ्या करून पाहिल्या. त्यांच्या मते कोरणाऱ्याने स्तंभ जास्त सरळ आणि एकसारख्या जाडीचे केले आहेत, मात्र स्तंभांना आडव्या जाणाऱ्या फटी त्याने सोडलेल्या नाहीत, आणि काही ठिकाणी स्तंभ कलते आहेत तेही टिपले आहे. थर थंड होण्याची दिशा या कलावरूनच कळते, म्हणून ही बारीक बाब नोंदीत घेतली.

२४ जुलै

प्लेट ४३, होरुयो. २९ सप्टेंबर १७५९ रोजी मेक्सिकोत शेतजमिनीतून वर आलेला हा ज्वालामुखी. हम्बोल्ट सप्टेंबर १८०३ मध्ये तेथे पोहोचले तेव्हा सभोवतालच्या लाव्हावर लहान भट्ट्यांसारखे हजारो धुमसते उंचवटे होते. आतील वायूंच्या दाबाने जमीन फुग्यासारखी वर उचलली गेली, असे त्यांनी मानले. पुढच्या पिढीतील भूवैज्ञानिकांनी ही उपपत्ती नाकारली. सूचीत दोन्ही गोष्टी दिल्या आहेत, कारण चित्रातील उंचावलेल्या मैदानाची कडा या उपपत्तीच्या आधारासाठी इतकी स्पष्ट दाखवलेली आहे. ती न सांगितल्यास वाचक चित्रालाच पुरावा समजेल.

२ ऑगस्ट

कोलंबियातील तीन प्लेट्स. इकोनोन्झोच्या पुलांची (प्लेट ४) घडण मजकुराशिवाय चित्रात समजत नाही. सुमापास नदीच्या खोल, अरुंद घळीवर एकाखाली एक असे दोन नैसर्गिक पूल आहेत. खालचा पूल कोसळलेल्या तीन शिळा पडता पडता एकमेकींत अडकून तयार झाला आहे. मधली शिळा कमानीच्या माथ्यावरील दगडासारखी बाकीच्या दोघींना धरून आहे. सोबत साधी आकृती काढून द्यायची आहे.

तेकेन्दामाच्या धबधब्याची (प्लेट ६) उंची हम्बोल्टांनी १७५ मीटर दिली. आजचे माप त्याहून कमी आहे. येथे त्यांनी त्या भागातील मूळ रहिवासी मुइस्का लोकांची कथा सांगितली आहे : बोगोताचे पठार पाण्याखाली गेले असता बोचिका या वृद्ध सत्पुरुषाने खडक फोडून पाण्याला वाट करून दिली. पठार पूर्वी सरोवर होते हे हम्बोल्टांना भूरचनेवरूनही दिसत होते, आणि दंतकथा त्यांनी तुच्छतेने बाजूला न ठेवता त्याच परिच्छेदात घेतली. मला त्यांच्या लेखनातील हा गुण फार आदरणीय वाटतो.

ग्वाताविता सरोवराच्या प्लेटवर (६७) काठाच्या डोंगरातील खाच नीट दिसते. तळातील सोन्यासाठी पाणी काढून देण्याकरिता स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात ती खणली आणि ती आजही तेथे आहे. चित्रावरून जागेची खातरजमा करता येते अशा प्लेट्समध्ये हिची गणना केली.

११ ऑगस्ट

प्लेट ३१ आणि ३३. पहिलीत पेरूच्या उत्तरेकडील हाएन प्रांताचा पोहणारा टपालवाला आहे. पोमावाकाहून तोमेपेंदापर्यंत तो दोन दिवस नदीच्या प्रवाहाबरोबर जातो. पत्रे कापडात गुंडाळून ते कापड डोक्याला पागोट्यासारखे बांधलेले, आणि आधाराला हलक्या लाकडाचा ओंडका. धबधबे आले की तो काठावर चढून जंगलातून वळसा घालतो. पत्रे क्वचितच हरवतात, अशी ग्वाही हम्बोल्ट देतात. दुसरीत आजच्या इक्वेडोरमधील चांबो नदीवरचा पेनिपेचा दोरखंडांचा पूल आहे. दोर घायपाताच्या वाखाचे. आपल्याकडे घायपाताचा वाख वळणाऱ्या माणसाला या पुलाची ताकद वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

या दोन प्लेट्सना ‘किरकोळ’ म्हणून एक ओळ द्यावी, अशी सूचना गटात आली होती. ती मी स्वीकारली नाही. शिखरांची उंची ज्यांच्या पाठीवरून, दोरांवरून आणि नदीतून गेलेल्या सामानामुळे मोजता आली, त्या माणसांच्या कामाची नोंद शिखरांइतकीच सविस्तर असली पाहिजे. चर्चेनंतर गटाने ते मान्य केले.

१९ ऑगस्ट

प्रस्तावनेसाठी भारताशी असलेला संबंध लिहून काढला. अँडीजनंतर हम्बोल्टांना हिमालय पाहायचा होता. १८१४ ते १८१८ या काळात ते त्यासाठी लंडनला गेले, पण ईस्ट इंडिया कंपनीकडून परवानगी मिळाली नाही. त्यांच्या शिफारशीने श्लागिन्टवाइट हे जर्मन संशोधक बंधू, म्हणजे हेर्मान, आडोल्फ आणि रोबेर्ट, पुढे कंपनीच्या कामावर आले. ते ऑक्टोबर १८५४ मध्ये मुंबईत उतरले आणि पुण्यावरून दख्खन ओलांडून मद्रासला गेले. आडोल्फ यांचा १८५७ मध्ये काशगर येथे शिरच्छेद झाला. उरलेल्या दोघांनी परतल्यावर भारत आणि उच्च आशियाच्या दृश्यांचा ॲटलास १८६१ ते १८६६ या काळात काढला. मोजमाप आणि चित्र यांना एकाच पानावर आणण्याचा हम्बोल्टांचा संस्कार त्यात उघड आहे, आणि या सूचीचे पुढील जोडकाम त्याच ॲटलासचे असावे असा प्रस्ताव मी मांडला आहे.

२७ ऑगस्ट

प्लेट ६९, ओरोतावाचा ड्रॅगनवृक्ष. कॉर्डिलेराच्या ग्रंथाची शेवटची प्लेट अटलांटिकमधील तेनेरिफ बेटावरची आहे. हम्बोल्टांनी हा वृक्ष जून १७९९ मध्ये, अमेरिकेला जाताना पाहिला आणि बुंध्याचा घेर सुमारे ४५ फूट नोंदवला. प्लेट मात्र त्यांच्या रेखाटनावरून नाही. बोर्दा यांच्या सागरी मोहिमेतील ओझान यांनी १७७६ मध्ये जागेवर केलेल्या रेखाटनावरून मार्शे यांनी ती पॅरिसमध्ये काढली. त्यामुळे मजकुरातील माप आणि चित्रातील झाड यांच्यात तेवीस वर्षांचे अंतर आहे, आणि हे झाड अतिशय सावकाश वाढणारे असल्यामुळे ते अंतर फारसे बाधक ठरत नाही. १८१९ च्या वादळात वृक्षाचा अर्धा माथा मोडला आणि १८६० च्या दशकात आणखी एका वादळाने तो भुईसपाट केला.

‘रेखाटन’ या रकान्यात ओझान, ‘चित्र’ या रकान्यात मार्शे आणि ‘मोजमाप’ या रकान्यात हम्बोल्ट असे लिहून नोंद पक्की केली. एवढ्याच कारणासाठी ‘मोजमाप’ हा रकाना आधीच्या सर्व प्लेट्सना नव्याने जोडावा लागणार आहे. उद्या प्लेट ३ पासून ते काम सुरू करायचे आहे.